तापाने गेला

फारुकने चहा उभ्याउभ्याच घेतला. अम्माने पडवीतलं बाकडं पदराने पुसून दिलं, "बस ना रे, पाहुन्यासारखा उभा काय रवलास," म्हणाली, तेव्हा तो हसला. "बोटीत बसूनच आलो ना अम्मा. पाय मोकळे करतंय." खांबाला खांदा टेकून, अंगाचा भार कधी या पायावर कधी त्या पायावर देत त्याने कप संपवला आणि बशी खिडकीत ठेवली. आसिया स्वयंपाकघराच्या दारात फुंकणी घेऊन उभी होती. चुलीतला धूर तिच्या डोळ्यांत जात होता, पण तिने डोळे मिटले नाहीत. असं उभं राहणं तिने पाहिलेलं होतं. याच खांबाला, याच बाजूने खांदा लावून. ती आत वळली, फुंकणी ओठांना लावली आणि फुंकायचीच विसरली.

जैनुद्दीन, फारुकचा थोरला भाऊ, तिचा नवरा, जाऊन वर्ष होत आलं होतं. राजिवड्यात सगळ्यांना ठाऊक होतं की तो तापाने गेला. अम्माने तसंच सांगितलं होतं, मयताला आलेल्या बायकांना, मशिदीतल्या लोकांना, मुंबईला फारुकलासुद्धा. ताप आला, डोक्यात गेला, गेला. आसिया तेव्हा कोपऱ्यात बसलेली होती आणि तिने ते ऐकलं होतं, आणि पुढे इद्दतीच्या, विधवेने घरात बसायच्या, दिवसांत कुणी येऊन विचारलं की तिच्याही तोंडून तेच निघायचं. "तापानं." शब्द किती सोपा होता. ताप कुणालाही येतो. तापाने गेलेल्या माणसाबद्दल कुणी ओठ दाबून हसत नाही.

तो बोटीवर आगवाला होता. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा टाकायचा. लग्नानंतर तो तिला मिळाला तो रजेपुरता. यायचा, ट्रंक उघडायचा, अत्तराची कुपी, नकली मोत्यांचा सर, कापडाचा तुकडा, आणि घरभर एक परका वास पसरायचा, साबणाचा आणि लोखंडाचा. ती त्याच्याशी बोलायला शिकते न शिकते तोच पुन्हा ट्रंक भरायची वेळ यायची. मूल राहिलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती त्याच्यासमोर जेवायला लाजायची, आणि तोही तिच्यासमोर कधी खोकला नाही की जांभई दिली नाही. नवराबायको असून दोघं एकमेकांकडे पाहुण्यासारखी राहिली. शेवटच्या खेपेस तो आला तेव्हा त्याचं तोंड मेणासारखं पिवळं पडलेलं होतं. जिना चढताना धाप लागायची. आणि तो बसत नव्हता. आपली लुंगी आपणच धुवायचा, विहिरीवर, कुणी उठायच्या आधी. घरात तीन बाया असल्यासारखी कामं करणारी आसिया, आणि नवरा स्वतःची लुंगी धुतो! तिला वाटलं आपलं काही चुकलं. तिने एकदा ओली लुंगी त्याच्या हातातून ओढून घेतली, आणि त्याने ती परत खेचली, इतक्या जोराने की ती दचकली. मग त्याने मान खाली घातली. "मूळव्याध हाय," तो म्हणाला. "बरीच वर्सं हाय. मोड भायेर येतात. लय रक्त जाता." कंपनीच्या डॉक्टरने रक्त कमी म्हणून उतरवलं होतं, कापून घे, मग ये, असं सांगून.

फारुक आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पाण्याचा आवाज आला तेव्हा अजून उजाडत होतं. आसिया परसदारी गेली. फारुक उकिडवा न बसता, वाकून, दगडावर लुंगी आपटत होता. त्याने तिला पाहिलं आणि लुंगीचा बोळा करून बादलीत दाबला. तिने घागर भरली आणि ती आत आली. आत येऊन तिला आठवेना की घागर कशासाठी भरली होती. दिराशी असलं बोलायचं नसतं. नवऱ्याशीसुद्धा बोलायचं नसतं. अम्माला सांगावं, तर अम्मा दोन्ही कानांवर हात ठेवील. आणि आसिया या घरात आता कोण होती? इद्दत संपल्यावर भाऊ तिला केळशीला न्यायला आला होता, तेव्हा अम्माच म्हणाली होती, राहू दे, माझ्या हाताखाली आहे. त्या एका वाक्यावर ती इथे राहत होती. ते वाक्य अम्मा केव्हाही परत घेऊ शकत होती. केळशीला भावाच्या घरात भावजय होती, आणि भावजयीच्या घरात तिला जागा नव्हती. तिने तांदूळ निवडायला घेतले. फारुक पुढच्या महिन्यात बोटीवर चढणार होता, आगवाला म्हणूनच, भावाच्याच जागी म्हणा ना. तिला तो बॉयलर कधी दिसला नव्हता, पण त्याची धग जैनुद्दीनच्या छातीच्या कातडीवर तिने पाहिली होती. तिने सूप खाली ठेवलं.

"फारुक," ती म्हणाली. तो परसातल्या माडाखाली उभा होता. "रक्त जाता काय तुज्या?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. त्याचे कान लाल झाले. "भाभी, काय बोलतेस?"

"जाताना रक्त जाता काय? बसवत नाय ना तुला?"

"तुला कोनी सांगितला?"

"कोनी नाय. मी बगतंय."

तो वळून निघालाच होता, पण दारात अम्मा उभी होती. अम्माने सगळं ऐकलं होतं. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की शेजारी जाऊ नये. "लाज नाय वाटत? रांडमुंड बाई, आनि दिराला असला इचारते? उद्या भावाला निरोप धाडतंय. जा केळशीस."

"धाडा," आसिया म्हणाली. "पन ह्याला आदी सांगा. ह्याचा भाई तापानं नाय गेला."

फारुक एकदा आईकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. अम्माने दाराची चौकट धरली आणि ती हळूहळू खाली बसली, उंबऱ्यावर, जिथे ती कधी कुणाला बसू देत नसे.

मग आसियाने सांगितलं. सांगताना ती माडाच्या बुंध्याकडे बघत होती. जे सांगितलं ते थोडं होतं, ऑपरेशन झालं, घरी आले, मग एके दिवशी रक्त गेलं, फार गेलं, त्यात गेले. जे आठवत होतं ते मात्र सांगता येण्यासारखं नव्हतं. इस्पितळाचा तो फिनेलचा वास, आणि कण्यात सुई टोचल्यावर पाय आपले नाहीत असं वाटलं म्हणून त्याचं घाबरणं. लघवी अडली आणि नळी घालावी लागली तेव्हा त्याने भिंतीकडे फिरवलेलं तोंड. यमुनाबाई नावाची एक नर्स होती, रोखठोक. तिने आसियाला बाजूला घेऊन शिकवलं, घमेल्यात सोसवेल इतकं कढत पाणी, त्यात एका औषधाचे चार दाणे, पाणी जांभळं होतं, त्यात बसवायचं. "लाजायचं नाही. नवरा आहे ना तुमचा?" घरी आणल्यावर पहिल्या दिवशी त्याने तिला बाहेर घालवलं. परसाकडे जाताना त्याने दातांत फडक्याचा बोळा धरला होता, तरी त्याचा आवाज तिला बाहेर ऐकू आला, जनावरासारखा, आणि ती दाराला कपाळ लावून रडली. दुसऱ्या दिवशी त्याने तिला थांबू दिलं. तिने त्याला धरून घमेल्यात बसवलं. त्याचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर होते आणि त्याचं सगळं ओझं तिच्यावर होतं, आणि तिच्या मनात आलं, हा माणूस पहिल्यांदाच आपल्या घरी आला. मऊभात, दूध, इसबगोल. ती त्याला पुसायची, फडकी बदलायची, उकळायची, आणि तो तिला बोटीवरच्या गोष्टी सांगायचा, ज्या त्याने इतक्या वर्षांत सांगितल्या नव्हत्या: एडनला दिसलेली एक आंधळी बकरी, कोळशाच्या ढिगावर झोपलेला एक म्हातारा जोडीदार. एकदा तो त्या जांभळ्या पाण्यात बसलेला असताना दोघांना हसू फुटलं, कशावरून ते कळलंच नाही, आणि हसताना त्याला दुखायचं म्हणून तो "नको, नको" म्हणत हसत होता. एके संध्याकाळी तो म्हणाला, "बोटीवर नाय जानार आता. मचव्यात भागी घेतो. दाभोळपर्यंत जायचा, यायचा. रोज घरी." तिने मान हलवली.

त्यानंतरच्या दिवसाचं तिला सगळं आठवतं, आणि एवढं आठवतं म्हणूनच त्यात रक्त नेमकं कधी जायला लागलं ते सापडत नाही. केळशीहून तिचा भाऊ आला होता. जैनुद्दीन पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जमिनीवर, उशी घेऊन, दस्तरखानावर जेवायला बसणार होता, म्हणून तिने तांदळाचे वाफवलेले सांदण केले होते. नारळाचं दूध काढताना तिला गाणं सुचत होतं. रोज घरी. माणूस रोज घरी येणार म्हणजे काय, त्याच्या चपला रोज दारात असणार. ती हसत होती. अम्माही हसत होती. तो सकाळीच परसाकडे जाऊन आला होता, मग पुन्हा गेला, मग पुन्हा. पाणी ओतल्याचा आवाज येत होता, तांब्यामागून तांब्या, आणि तिला वाटलं, पाहुणे आहेत म्हणून स्वच्छ होऊन येतोय. जेवताना त्याने दोन सांदण खाल्ले. ओठ पांढरे होते, कपाळावर घाम होता, पण उकाडाही होता. भावाने काहीतरी विनोद केला आणि आसिया पदर तोंडावर धरून हसली, तेव्हा तो तिच्याकडे बघत होता. असं त्याने तिच्याकडे सगळ्यांसमोर कधी पाहिलं नव्हतं. "जरा पडतो," तो म्हणाला. "दार लोटून घे. उजेड नको." तिने दार लोटलं. बाहेर बसून तिने सगळी भांडी घासली, आवाज होऊ नये म्हणून हळू हळू, त्याची झोप मोडू नये म्हणून. दुपार उतरताना, असरच्या बांगेला, ती चहा घेऊन आत गेली. खोलीत वास होता. त्याचा हात थंड आणि ओला होता, आणि गोधडी, खालची गोधडी, तिच्याखालची चटई. तो जागा होता. "पानी दे," म्हणाला. मशिदीतल्या माणसांनी त्याला बाजेवर घालून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, पण अंगात बांधून धरण्यासारखं रक्तच उरलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत संपलं. डॉक्टर हात पुसत बाहेर आले, तेही घामाघूम झाले होते. "आठ-दहा दिवसांनी आतला टाका सुटतो. एखाद्याला रक्त जातं. थेंबभर दिसलं तरी धावत या, असं मी त्यांना दोनदा बजावलं होतं. सकाळी आणलं असतं तर..." त्याला बजावलं होतं. तेव्हा ती पडद्याबाहेर उभी होती. दुसऱ्या दिवशी ती परसात गेली आणि माडाखाली पाहत राहिली, जिथे परसाकडच्या पाण्याचा ओघळ येतो. तांबडी माती ओली होती. इथली माती तांबडीच असते. त्यात काहीच दिसत नव्हतं.

"म्हंजे ऑपरेशनानंच मेला भाई," फारुक म्हणाला. त्याचा चेहरा लहान झाला होता. "आनि मी काय करू? मीपन कापून घेऊ?"

"ऑपरेशनानं नाय मेले. रक्त दिसला, सांगितला नाय म्हनून मेले."

"मना नको भाभी. मी असाच जातंय बोटीवर. सुरण खातंय, ताक पितंय."

"त्यांनीपन तेच केला. दहा वर्सं." ती त्याच्याकडे वळली. "रक्त दिसला तर मना सांगायचा. अम्माला नको, मुल्लाला नको, कोनाला नको. मना. मी घाबरनार नाय, रडनार नाय, तुला हसनार नाय. मी तुला इस्पितळात घेऊन जाईन. एवढाच काम."

उंबऱ्यावरून अम्मा म्हणाली, "जा रे." तिने डोकं वर केलं नव्हतं. "ती सांगते तसा कर. जा."

केळशीला निरोप गेला नाही. फारुकला त्याच इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी आसियाला ओळखलं की नाही ते कळलं नाही. पण या खेपेस त्यांनी जे बजावायचं ते बजावताना पडदा बाजूला करून तिला आत बोलावलं आणि तिच्याकडे बघून सांगितलं. पुन्हा तोच फिनेलचा वास, तीच खिडकी. यमुनाबाईंनी तिचा दंड धरला आणि सोडला. फारुक घरी आला आणि घमेलं पुन्हा निघालं, पाणी पुन्हा जांभळं झालं; त्यात तो आपला आपण बसला, दार लावून, आणि आसिया दाराबाहेर बसली. तो आत गेला की ती विचारायची, "फारुक?" आणि आतून यायचं, "नाय भाभी." पहिल्या दिवशी तो हे पुटपुटत म्हणाला. मग सरळ म्हणू लागला. मग तर ती विचारायच्या आधीच आतून ओरडायचा, "नाय!" एवढाच शब्द होता. जैनुद्दीनने त्या दिवशी 'नाय'च्या जागी 'हाय' म्हणायचं होतं. दाराला ही एवढी फट होती, त्यातून वारा जायचा, उजेड जायचा. एक दिवस ती बाजारात गेली आणि उशिरा परतली, तेव्हा तिने पाहिलं की दाराबाहेर अम्मा बसली आहे, भिंतीला पाठ लावून, माळ हातात, आणि खरखरीत आवाजात विचारते आहे, "फारुक, रक्त?" आसिया तिथेच थांबली, पिशवी हातात धरून, आणि आतून "नाय अम्मा" असं येईपर्यंत हलली नाही.

मग ते दिवस आले, टाका सुटायचे. ती जेवायची नाही. तो झोपला की ती दाराशी जाऊन त्याच्या गोधडीकडे बघायची, अंथरुणाच्या कडेला, त्याच्या ओठांच्या रंगाकडे. एकदा त्याला घाम आलेला दिसला आणि तिने त्याला हलवून उठवलं. तो गोंधळून उठून बसला, धडधाकट, गालावर उशीच्या घड्या. काहीच झालं नाही. दिवस आले आणि गेले. तो मऊभातावरून भाकरीवर आला, भाकरीवरून सुरमईवर. बाकड्यावर बसून त्याने चहा घेतला आणि वर दुसरा कप मागितला. तो बंदरापर्यंत चालत जाऊन आला आणि शीळ घालत आला. इतकं साधं होतं ते. इतकं साधं की आसियाला त्याचा राग आला, त्या शिळेचा, त्या सुरमईच्या काट्यांचा, बरं होणाऱ्या त्या अंगाचा; आणि राग आला याची इतकी शरम वाटली की तिने त्या दिवशी त्याला तळलेला तुकडा जास्त वाढला. जैनुद्दीन गेला तेव्हा ती रडली होती ती सगळ्या बाया रडल्या तशी. आता, सगळं नीट झाल्यावर, ती विहिरीवर घागर बुडवताना, भाजी चिरताना, कधीही थांबायची. नीट होऊ शकत होतं. आतापर्यंत तिला वाटत होतं की जे झालं ते लिहिलेलं होतं. पण होऊ शकत होतं. तो इथे असता. त्याच्या चपला दारात असत्या.

फारुकला बोलावणं आलं तेव्हा त्याने बॉयलरवरचं काम सोडून डेकवरचं मागून घेतलं होतं. निघायच्या दिवशी बोटीपर्यंत नेणारा पडाव लागायला वेळ होता. ट्रंक पडवीत ठेवून तो स्वयंपाकघराच्या दाराशी आला. अम्मा आतल्या बाजूला पीठ चाळत होती. आसियाने त्याला भाकऱ्यांचं पुडकं दिलं.

"भाभी," तो म्हणाला, "एक इचारू? भाईनं त्या दिवशी तुला का नाय सांगितला? तू तर त्याचा सगळा करत होतीस. मी तुजा दीर, तरी मना सांगता आला असता. त्याला काय झाला सांगायला?"

चुलीवर पाणी उकळत होतं. आसियाने झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. किती दिवस तिने हा प्रश्न स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला होता, लाज वाटली असेल, पाहुणे होते म्हणून असेल, कमी वाटलं असेल. आणि या सगळ्याच्या खाली जे होतं ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"त्या दिवशी मी हसत होतंय रे," ती म्हणाली. "ते माज्याकडे बगत होते."

फारुकने पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. बाहेरून पडाववाल्याची हाक आली. त्याने वाकून आईचे हात डोळ्यांना लावले, ट्रंक उचलली आणि तो गेला. पाखाडीच्या पायऱ्यांवरून त्याच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला आणि मग समुद्राच्या आवाजात कळेनासा झाला.

अम्माची चाळण थांबली होती. तिच्या पांढऱ्या मनगटांवर पीठ होतं. ती आसियाकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"मीपन हसत होतंय," अम्मा म्हणाली.

आसिया तिच्याजवळ जाऊन बसली.